कुठले शहाजी?

राजारामपुरीत भरतनाट्यम शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या कार्यक्रमात एक तेलुगू पद आहे. त्यात ‘त्यागेश’ असा शब्द येतो. पत्रिकेवर ‘रचना : शहाजी महाराज’ एवढंच छापलंय. आमच्या बाई म्हणतात, हे शिवाजी महाराजांचे वडील. आजोबा म्हणतात, न्यू पॅलेसमधलं म्युझियम ज्यांच्या नावाचं आहे ते आपले कोल्हापूरचे शहाजी महाराज. निवेदन मला करायचंय. नक्की कोण?"

दोघंही नाहीत. हे पद तंजावरच्या शहाजीराजांचं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, त्यांचे हे थोरले चिरंजीव. म्हणजे महाराजांचे पुतणे. १६८४ ते १७१२ अशी अठ्ठावीस वर्षं ते तंजावरच्या गादीवर होते. मराठी घराण्यातला हा राजा तेलुगूत लिहायचा, आणि तिरुवारूरच्या त्यागेशावर, म्हणजे तिथल्या शिवावर, त्याची फार भक्ती होती. तुझ्या पदातला तो एक शब्द नसता तर मी एवढ्या खात्रीनं सांगू शकलो नसतो.

तुझं काम एवढ्यावर भागेल. पण पुढच्या पत्रिकेवर ‘सरफोजी’ येईल, ‘तुळजाजी’ येईल आणि पुन्हा हाच घोळ होईल. म्हणून उत्तर कसं निघालं तेही सांगतो.

मी तेहतीस वर्षं जुन्या कागदांच्या याद्या केल्या. रुमाल, म्हणजे कागद बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं, सोडायचा, एकेक कागद उलगडायचा, मोडी वाचायची आणि कार्डावर चार गोष्टी लिहायच्या: कोणी लिहिलं, कोणाला, कधी, कशाबद्दल. त्यातली ‘कोणी’ ही ओळ सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत जास्त चुका तिथंच होतात. तारीख लागली नाही तर माणूस दहा वेळा बघतो, कोणाला तरी विचारतो. नाव मात्र वाचता आलं की माणूस कळला असं वाटतं आणि हात पुढच्या कागदाकडे जातो.

आता तुझ्या बाईंचे शहाजी घेऊ. अहमदनगरचे पीर शाह शरीफ यांच्या कृपेनं मालोजीराजांना दोन मुलगे झाले, म्हणून एकाचं नाव शहाजी आणि दुसऱ्याचं शरीफजी ठेवलं, असं सांगितलं जातं. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडले. शहाजीराजे पुढं आदिलशाहीत गेले, बंगळूरला राहिले आणि २३ जानेवारी १६६४ रोजी आजच्या कर्नाटकातल्या होदिगेरे इथं शिकारीत घोड्यावरून पडून वारले. चन्नगिरी तालुक्यात त्यांची समाधी आहे. तंजावर भोसल्यांच्या हाती आलं ते त्यानंतर दहाएक वर्षांनी, व्यंकोजींच्या हातून. त्यामुळं तंजावरच्या दरबारातली तेलुगू रचना त्यांची असू शकत नाही.

तरी बाईंचा तर्क हवेतला नाही, हे त्यांना जरूर सांग. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारात कवींची गर्दी होती. जयराम पिंड्ये या कवीनं ‘राधामाधवविलासचंपू’ लिहिला, त्यात बारा भाषांमधली कवनं आहेत. पण तिथं शहाजीराजे ऐकणारे आणि बक्षीस देणारे आहेत, लिहिणारे नव्हेत. लिहिण्याची ती आवड नातवात उतरली असं म्हणायला हरकत नाही.

नातवात नावही उतरलं. आपल्याकडं आजही गावोगाव आजोबाचं नाव नातवाला ठेवतात; त्याला ‘नाव चालवणं’ म्हणतात. तुझ्या ओळखीत एखादा शहाजी असेल तर त्याच्या आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव विचारून बघ. भोसल्यांच्या घरात हेच झालं. व्यंकोजींना तीन मुलगे: शहाजी, सरफोजी आणि तुकोजी. यातला सरफोजी म्हणजे झिजलेला शरीफजी. मालोजींच्या घरात जी दोन भावांची जोडी होती, शहाजी आणि शरीफजी, तीच जोडी दोन पिढ्यांनी कावेरीच्या काठी पुन्हा दोन भाऊ म्हणून जन्माला आली. अहमदनगरच्या पिराचं नाव तिथं पोचलं आणि पंडितांनी ते संस्कृतात बसवलं. सरफोजीचा झाला ‘शरभोजी’, पुढं ‘शरभेंद्र’. शहाजीचा झाला ‘शाहराज’, ‘शाहेंद्र’. श्रीधर वेंकटेश नावाच्या विद्वानानं या राजावर संस्कृत काव्य लिहिलं, त्याचं नावच ‘शाहेंद्रविलास’. ही दोन नावं माझी फार आवडती आहेत. एवढा मोठा प्रवास केलेली नावं फार थोडी असतील.

नाव चालवण्याच्या या रिवाजाला एक दुसरी बाजू आहे आणि यादी करणाऱ्याला तिचा मोठा आधार असतो. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही. मग नातवाला तेच नाव असलं तर घरात हाक कशी मारायची? आप्पा, बाबा, आबा, बुवा, दादा. राजघराण्यांत त्याचं आप्पासाहेब, बाबासाहेब, आबासाहेब होतं. शिक्क्यावर, सनदेवर थोरलं नाव असतं, पण खालच्या कारकुनाच्या पत्रात, खर्चाच्या यादीत, नात्यातल्या मजकुरात हेच हाकेचं नाव येतं. मला विचारशील तर शोधायला थोरल्या नावापेक्षा हाकेचं नाव जास्त भरवशाचं.

हे मी एका चुकीतून शिकलो. कोल्हापूरच्या गादीवर १८२१ ते १८३८ या काळात शहाजी महाराज होते, हाकेचं नाव बुवासाहेब. त्यांचे थोरले भाऊ संभाजी ऊर्फ आबासाहेब मारले गेले, त्यानंतर ते आले. ते नोव्हेंबर १८३८ मध्ये वारले. इकडं साताऱ्यात १८३९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि त्यांच्या भावाला गादीवर बसवलं. त्या भावाचं नावही शहाजी, हाकेचं आप्पासाहेब. ते ५ एप्रिल १८४८ रोजी वारले, पोटी मुलगा नव्हता, मृत्युशय्येवर घेतलेलं दत्तक इंग्रजांनी मानलं नाही आणि सातारचं राज्य खालसा झालं.

आता बघ: एक शहाजी महाराज गेले आणि वर्षाच्या आतबाहेर शेजारच्या गादीवर दुसरे शहाजी महाराज बसले. दोघंही भोसले, दोघंही शिवाजी महाराजांच्या वंशपरंपरेतल्या गादीवरचे, दोघांचाही व्यवहार कंपनी सरकारशी. कागदाचा वरचा भाग वाळवीनं खाल्लेला असेल तर फक्त ‘शहाजी महाराज’ हातात राहतं. माझ्याकडं असाच एक तुकडा आला. कागद कोल्हापुरातल्या एका वाड्यातला, म्हणून मी डोळे झाकून कोल्हापूरच्या शहाजींच्या नावाखाली कार्ड केलं. ते कार्ड तसंच अकरा वर्षं राहिलं. एका अभ्यासकानं त्यावर विसंबून टिपण काढलं, आणि मग मी तो कागद पुन्हा हातात घेतला. मजकुराच्या शेवटी ‘रेसिडेंट’, म्हणजे कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, हा शब्द होता आणि दोन ओळी खाली ‘आप्पासाहेब’. त्या काळात रेसिडेंट बसायचा साताऱ्याला. कागद पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होता. मी पहिल्या ओळीतलं नाव वाचून थांबलो होतो. त्या अभ्यासकांना मी पत्र लिहिलं, कार्ड फाडलं नाही, खोडून शेजारी दुरुस्ती लिहिली. आजही नव्या मुलांना ते कार्ड दाखवायला सांगतो.

तेव्हापासून माझा नियम आहे: नाव कधी एकटं वाचायचं नाही. गादी कुठली, बाप कोण आणि हाकेचं नाव काय, या तीनपैकी दोन गोष्टी जुळल्याशिवाय कार्डावर नाव चढवायचं नाही.

बापाच्या नावातही एक खाच आहे, ती दत्तकाची. तुझ्या आजोबांचे शहाजी महाराज हे त्याचं उत्तम उदाहरण. ते जन्मानं देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या शाखेचे, विक्रमसिंहराव पवार. राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब देवासला दिल्या होत्या, त्यांचे हे चिरंजीव. म्हणजे शाहू महाराजांचे दौहित्र. १९४७ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शहाजी झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, ते त्यांच्याच काळात. १९८३ साली ते वारले. त्यांच्या तरुणपणाचे कागद ‘शहाजी’ म्हणून शोधलेस तर एकही मिळणार नाही, कारण तेव्हा ते शहाजी नव्हतेच. तसंच राजर्षी शाहूंचं: कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली दत्तक आले आणि शाहू झाले. गादीवर येताना माणूस नुसता राज्य घेत नाही, नावही घेतो. संगीतरचनेचं म्हणशील तर आजोबांच्या शहाजी महाराजांच्या नावावर तेलुगू पद असण्याचा प्रश्नच येत नाही. तरी आजोबांना दोष देऊ नकोस. कोल्हापुरात ‘शहाजी महाराज’ म्हटलं की ज्यांना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेच आठवणार.

शहरातल्या पाट्या वाचायला एक सोपी खूण देतो. दसरा चौकात ‘शहाजी छत्रपती महाविद्यालय’ आहे. ‘छत्रपती’ हा शब्द आला की शिवाजी महाराजांचे वडील बाद झाले. छत्रपती ही पदवी १६७४ च्या राज्याभिषेकापासूनची, आणि ते त्याच्या दहा वर्षं आधी गेलेले. ते ‘शहाजीराजे’, फार तर ‘महाराजा फर्जंद शहाजीराजे’. तंजावरकरही ‘राजे’. ‘शहाजी छत्रपती’ म्हटलं की कोल्हापूर किंवा सातारा. त्याच चौकात राजर्षी शाहूंचा पुतळा आहे, आणि परगावचे लोक पुतळा आणि पाटी एकाच माणसाची समजतात, हे मी कितीदा ऐकलंय.

शाहू आणि शहाजी यांचा हा घोळ रोमन लिपीत अजून वाढतो, कारण मधलं एक अक्षर बदललं की झालं. उत्तर भारतात आपल्या शाहू महाराजांना ‘शाहूजी महाराज’ म्हणतात. कानपूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. १९१९ साली कानपूरलाच कुर्मी समाजाच्या अधिवेशनात त्यांना ‘राजर्षी’ ही पदवी मिळाली. तिकडचा मजकूर मराठीत आणताना ‘शाहूजी’चा ‘शहाजी’ झालेला मी छापील पुस्तकांत पाहिलाय. आणि शाहू तरी एक कुठं आहेत? साताऱ्याचे थोरले शाहू महाराज १६८२ साली जन्मले तेव्हा त्यांचं नाव शिवाजी होतं. सातारा शहराला त्यांच्यावरून शाहूनगर म्हणत. शाहूपुरी साताऱ्यातही आहे आणि कोल्हापुरातही. गुळाच्या बाजारपेठेची आपली शाहूपुरी राजर्षींच्या नावाची. पोस्टाचा पत्ता लिहिताना जिल्हा लिहितो तसाच इतिहासातल्या नावापुढंही गाव लिहावं.

उलट, नावासारखं दिसणारं प्रत्येक गाव त्या माणसाचं नसतं. शहापूर घे. ठाणे जिल्ह्यात आहे, बेळगावात आहे, इचलकरंजीजवळ आहे. ठाण्याच्या शहापूर तालुक्यात माहुली किल्ला आहे, आणि १६३६ साली शहाजीराजांना तिथंच शरण जावं लागलं. म्हणून ‘शहाजींवरून शहापूर’ असं कोणीतरी जोडून देतं. पण ‘शाह’ हा शब्द बादशहापासून पिरापर्यंत सगळ्यांना लागतो. किल्ला जवळ असणं हा पुरावा नव्हे.

शहाजींच्याच नावाचं म्हणून निश्चित सांगता येतं असं एक गाव आहे आणि ते तुझ्या पदाच्या राजाचं. कुंभकोणमजवळचं तिरुविसनल्लूर. १६९३ साली तंजावरच्या शहाजीराजांनी ते ४६ विद्वानांना इनाम दिलं आणि नाव ठेवलं शहाजीराजपुरम. ‘शाहेंद्रविलास’ लिहिणारे श्रीधर वेंकटेश, ज्यांना तिकडं अय्यावाळ म्हणतात, ते याच गावचे.

या राजाबद्दल महाराष्ट्रात फार कमी बोललं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ ही त्यांची तेलुगू गेय रचना. पल्लकी म्हणजे पालखी. तिरुवारूरच्या त्यागेशाची पालखी, त्याचं आणि गौरीचं मीलन, असा विषय. जोतिबाचा पालखीसोहळा पाहून वाढलेल्या आपल्याला हा भाव समजायला कोणाची मदत लागू नये. ‘पंचभाषाविलास’ नावाचं त्यांचं नाटक आहे, त्यात वेगवेगळ्या देशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात: तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी, आणि जोडीला संस्कृत. दक्षिणेतल्या राजवाड्यात, तमिळ प्रजेसमोर, महाराष्ट्राची राजकन्या रंगमंचावर मराठीत बोलते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आण. त्यांनी मराठीतही नाटकं लिहिली, त्यांतलं एक ‘लक्ष्मीनारायण कल्याण’. आपल्या शेजारी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते १८४३ साली, आणि मराठी नाटक तिथून सुरू झालं असं आपण शाळेत शिकलो. तंजावरचे शहाजी १७१२ साली वारले. म्हणजे त्यांची मराठी नाटकं किमान १३१ वर्षं आधीची. भाव्यांचं श्रेय त्यानं कमी होत नाही, त्यांच्यामुळं इथल्या गावागावांत रंगभूमी उभी राहिली. पण भाषेच्या इतिहासात तंजावरला पहिलं पान द्यायलाच हवं. ही हस्तलिखितं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

राजाच्या नावावरची प्रत्येक ओळ राजानंच लिहिली का, हा प्रश्न कोणत्याही दरबाराबद्दल विचारावा लागतो. तंजावरबद्दल माझं मत अनुकूल आहे, कारण ते घरच तसं होतं. शहाजींना मूल नव्हतं. त्यांच्यामागून भाऊ सरफोजी आले आणि मग धाकटे तुकोजी, ज्यांना तिकडं तुळजाजी म्हणतात. या तुळजाजींच्या नावावर ‘संगीतसारामृत’ हा संगीतशास्त्राचा संस्कृत ग्रंथ आहे. पुढं दुसरे सरफोजी, कारकीर्द १७९८ ते १८३२, यांची मराठी निरूपणं, म्हणजे नाचातून कथा सांगणाऱ्या गीतरचना, भरतनाट्यमसाठीच रचलेली आहेत. बाईंना त्याबद्दल विचार. कोल्हापूरच्या रंगमंचावर मराठी निरूपण झालं तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन. याच दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरून घेतला. नावं जुळवताना तो लेख फार उपयोगी पडतो.

तंजावरच्या आत अजून एक शहाजी आहेत. १७३८-३९ च्या सुमारास थोडे दिवस गादीवर बसवलेले, ‘सवाई शहाजी’ नावाचे. त्यांचा आणि रचनांचा काही संबंध नाही. पण त्यांच्यामुळं आकड्यांचा गोंधळ होतो: दक्षिणेतल्या पुस्तकांत तुझ्या पदाचे कवी ‘पहिले शहाजी’ असतात आणि आपल्याकडं मराठी वाचक ‘पहिले शहाजी’ वाचून शिवाजी महाराजांच्या वडिलांकडं जातो. कोल्हापुरात ‘दुसरे शहाजी’ म्हणजे १९४७ चे. म्हणून निवेदनात पहिले-दुसरे म्हणूच नकोस.

आणि त्यागेशाबद्दल एक सावधगिरी. त्यागेश, त्यागराज हा तिरुवारूरचा देव, शिव. संत त्यागराज हे थोर रचनाकार १७६७ साली त्याच तिरुवारूरला जन्मले आणि त्या देवाचंच नाव त्यांना मिळालं. शहाजीराजे जाऊन तोवर ५५ वर्षं झाली होती. ‘शहाजींनी संत त्यागराजांवर पद रचलं’ असं कोणी म्हणालं तर तिथंच थांबव.

जुन्या प्रतीवर नुसतं संवत्सराचं नाव दिसलं तरी घाई नको. शहाजीराजे गादीवर आले ते शके १६०६, रक्ताक्षी संवत्सर. हीच साठ नावं दर साठ वर्षांनी फिरून येतात, त्यामुळं १७४४ लाही रक्ताक्षीच होतं आणि १९८४ लाही. शक सापडला तर त्यात ७८ मिळव, इसवी सन मिळेल. माघ-फाल्गुनाच्या सुमाराचा मजकूर असेल तर ७९.

आता पत्रिका. रोमन लिपीतल्या मूळ प्रतीवर ‘साहजी’ असं दिसलं तर तो दुसरा कोणी समजू नकोस. तिकडं ‘शहा’चा ‘साह’ सर्रास होतो. छापताना असं छाप: ‘रचना : शहाजीराजे भोसले, तंजावर (कारकीर्द १६८४–१७१२), व्यंकोजीराजांचे पुत्र’. ‘महाराज’ काढून टाक, ‘छत्रपती’ तर नकोच. निवेदनात आजोबांसाठी एक वाक्य घाल की हे शिवाजी महाराजांचे पुतणे होते आणि त्यांचं नाव त्यांच्या आजोबांचं होतं. जुनी पत्रिका फेकू नकोस. तिच्यावर पेनानं दुरुस्ती कर, तारीख घाल आणि वर्गाच्या फायलीत लावून ठेव.